कार्बन कपातीचे अर्थकारण

भारताने पॅरिस कराराखाली दिलेली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सुधारलेली मोजता येणारी वचने तीन आहेत. २०३० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागे होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी खाली आणायचे. वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल आणि वायू यांच्यावाचून चालणारी असावी. जंगले आणि झाडोरा वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड जादा शोषला जावा. याच्याही पुढे, २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याची घोषणा नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत झाली. ही वचने पर्यावरण खात्याच्या कागदांवर असली तरी ती पाळण्याची साधने बहुतांशी अर्थ आणि ऊर्जा खात्यांच्या हातात आहेत: कर, घसारा, अनुदान, लिलाव, खरेदीचे बंधन, पैसे मिळण्याची हमी, विकता येणारी प्रमाणपत्रे. गेल्या तीस वर्षांत यातले जवळजवळ प्रत्येक साधन भारतात वापरून झाले आहे. प्रदूषण महाग करणाऱ्या साधनांचा जोर इथे कमी पडला, आणि स्वच्छ मालाला पक्के गिऱ्हाईक मिळवून देणारी साधने चालली, असा त्या अनुभवाचा एकंदर कल आहे.

पहिल्या वचनातली मोजपट्टी नीट समजून घ्यावी लागते. ४५ टक्के ही एकूण उत्सर्जनातली घट नव्हे, उत्सर्जनाच्या तीव्रतेतली आहे. अर्थव्यवस्था वर्षाला ६ टक्क्यांनी वाढली आणि तीव्रता ३ टक्क्यांनी घटली, तर वचन पाळले जात असतानाच एकूण धूर पावणेतीन टक्क्यांहून अधिक वाढतो. भारतासारख्या दरडोई कमी ऊर्जा वापरणाऱ्या देशाने एकूण उत्सर्जनावर आत्ताच कमाल मर्यादा घालून घ्यावी, ही अपेक्षा भारताने कधीच मान्य केलेली नाही आणि त्यामागे न्यायाचा मुद्दा आहे. पण तीव्रतेचा आकडा अर्थव्यवस्थेच्या बदलत्या घडणीमुळेही खाली येतो. सेवाक्षेत्राचा वाटा वाढला की कारखान्याच्या एकाही धुरांड्याला हात न लावता तीव्रता घटते. संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या अहवालानुसार २००५ ते २०२० या काळात ती ३६ टक्क्यांनी घटली. यातले धोरणाचे श्रेय किती आणि आपोआप घडलेले किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

दुसऱ्या वचनाचे तर आणखी निराळे. जून २०२५ मध्ये देशाची स्थापित क्षमता सुमारे ४८५ गिगावॅट होती आणि तिच्यातला बिगर-जीवाश्म वाटा ५० टक्क्यांवर पोहोचला, म्हणजे मुदतीच्या पाच वर्षे आधी. तरीही घरात येणाऱ्या विजेच्या दर चार युनिटांपैकी जवळजवळ तीन कोळशाचीच होती. क्षमता म्हणजे यंत्र किती वीज निर्माण करू शकते, आणि निर्मिती म्हणजे त्याने प्रत्यक्षात किती केली. सौर पॅनेल रात्री थांबते आणि ढगाळ दिवशी मंदावते, त्यामुळे वर्षभराच्या हिशेबात ते क्षमतेच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाएवढीच वीज देते. कोळशाचा संच दोन-तृतीयांशाच्या आसपास चालतो. उद्दिष्ट क्षमतेचे ठेवले की धोरणही क्षमतेमागे धावते. पारेषण वाहिन्या आणि साठवणूक यांच्याकडे उशिरा लक्ष गेले, याचे एक कारण हे असावे.

यंत्राला पैसे द्यायचे की विजेला, हा प्रश्न भारतात सर्वांत आधी पवनचक्क्यांच्या बाबतीत उभा राहिला. नव्वदच्या दशकात पवनऊर्जेला वेगवान घसाऱ्याची सवलत मिळाली. पुढे ८० टक्के असलेल्या या सवलतीचा हिशेब साधा होता. भरपूर नफ्यातल्या एखाद्या कंपनीने पाच कोटींची पवनचक्की घेतली की पहिल्याच वर्षी त्यातले चार कोटी खर्च म्हणून दाखवता येत. कराचा दर ३० टक्के धरला तर त्या वर्षीचा एक कोटी वीस लाखांचा कर वाचे. चक्की फिरो न फिरो, बचत झालेली असे. साताऱ्याजवळ पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची जी रांग उभी राहिली, ती याच काळातली. या सवलतीने देशात पवनऊर्जेचा उद्योग उभा केला, हे खरेच. पण चक्कीचे मालक वीज कंपन्या नव्हत्या. कर वाचवू पाहणारे कापड, सिमेंट, वाहन अशा कोणत्याही धंद्यातले लोक होते, आणि वाऱ्याची जागा नीट निवडणे किंवा यंत्राची निगा राखणे यात त्यांना फारसा रस असण्याचे कारण नव्हते.

२००९ मध्ये सरकारने दुसरा पर्याय ठेवला: प्रत्यक्ष निर्माण झालेल्या दर युनिटला ५० पैसे. या पर्यायाने नफ्यातली करदाती कंपनी नसलेले, केवळ वीज विकून जगणारे उत्पादक क्षेत्रात आले. एप्रिल २०१२ मध्ये मात्र वेगवान घसारा आणि हे प्रोत्साहन ही दोन्ही एकाच वेळी बंद झाली. पुढच्या वर्षी नव्या पवनचक्क्यांची उभारणी निम्म्याच्या जवळपास घसरली. २०१३ आणि २०१४ मध्ये दोन्ही सवलती परत आणाव्या लागल्या. वीस-पंचवीस वर्षे चालणाऱ्या यंत्रात पैसा घालणाऱ्याला सवलतीच्या आकड्याइतकीच तिच्या टिकण्याची शाश्वती महत्त्वाची वाटते, हे त्या दोन वर्षांत दिसून आले.

सौरऊर्जेत हा धडा बराचसा गिरवला गेला. राष्ट्रीय सौर अभियान जानेवारी २०१० मध्ये सुरू झाले तेव्हा २०२२ पर्यंत २० हजार मेगावॅट हे लक्ष्य होते. २०१५ मध्ये ते एकदम एक लाख मेगावॅट करण्यात आले. पहिल्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला ११ ते १३ रुपयांच्या दरम्यान लागला होता. इतकी महाग वीज कोणतेही राज्य विकत घेणार नाही, म्हणून एनटीपीसीच्या वाटप न झालेल्या स्वस्त औष्णिक विजेत ती मिसळून एकत्र दराने विकण्याची युक्ती काढली गेली. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला येथील लिलावात दर २.४४ रुपयांवर आला. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातमध्ये तो दोन रुपयांच्याही खाली, १.९९ रुपयांवर गेला.

या घसरणीतला मोठा वाटा चीनमध्ये पॅनेल स्वस्त होण्याचा आहे, आणि तो भारतीय धोरणाच्या खात्यावर मांडणे बरोबर नाही. उरलेला वाटा मात्र धोरणाचाच. सौर प्रकल्पाला इंधनाचा खर्च नसतो. जवळजवळ सगळा पैसा पहिल्या दिवशी लागतो आणि तो कर्जाऊ असतो, त्यामुळे विजेचा दर मुख्यतः व्याजावर ठरतो. सरकारने सौर पार्कमध्ये जमीन आणि पारेषण वाहिनी तयार करून दिली. २०११ मध्ये स्थापन झालेले भारतीय सौरऊर्जा महामंडळ उत्पादक आणि राज्यांच्या वितरण कंपन्या यांच्यामध्ये खरेदीदार म्हणून उभे राहिले, आणि पंचवीस वर्षांचा करार मिळू लागला. राज्याने पैसे थकवले तर केंद्राकडून त्या राज्याला मिळणाऱ्या रकमेतून ते वळते करून घेण्याची सोयही ठेवली गेली. बँकेच्या दृष्टीने धोका उतरला, म्हणून व्याज उतरले आणि दर उतरला.

हमी केवढी मोलाची, हे ती मोडू पाहणाऱ्या राज्यात कळले. २०१९ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने आधीच्या सरकारने केलेले पवन आणि सौर करार महाग ठरवून ते पुन्हा घासाघीस करून खाली आणायचा प्रयत्न केला. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने उत्पादकांच्या बाजूने निकाल देऊन थकीत पैसे द्यायला लावले, पण मधली तीन वर्षे त्या राज्यात नवा पैसा कचरत राहिला. अलीकडची अडचण उलट्या बाजूची आहे. लिलाव होतात, दर ठरतो, पण ती वीज घ्यायला वितरण कंपन्या सह्या करीत नाहीत. दर आणखी उतरतील, मग आज का बांधून घ्या, असा त्यांचा विचार असतो. शिवाय दुपारची वीज त्यांच्याकडे पुरेशी आहे, हवी आहे ती संध्याकाळची. २०२५ मध्ये अशा रेंगाळलेल्या प्रकल्पांची क्षमता ४० गिगावॅटच्या घरात गेली होती.

गिऱ्हाइकाची खात्री देऊन दर पाडण्याचे सर्वांत सोपे उदाहरण एलईडी दिव्याचे आहे. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी कंपनी ईईएसएलला एक दिवा ३१० रुपयांना पडत होता. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली, कंपनीने कोट्यवधी दिव्यांची एकगठ्ठा मागणी निविदेत नोंदवली, आणि २०१६ मध्ये खरेदीचा दर ३८ रुपयांवर आला. ग्राहकाला केंद्राचे अनुदान दिले गेले नाही. अनेक राज्यांत दिव्याची किंमत वीजबिलातून दहा रुपयांच्या हप्त्याने वसूल झाली. योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले, आणि बाजारातला साधा पिवळा बल्ब दिसेनासा झाला तो कोणत्याही बंदीविना.

आता महाग करण्याच्या साधनांकडे. कोळशावर कर बसवणारा भारत हा विकसनशील देशांतला अगदी सुरुवातीचा. जुलै २०१० पासून टनाला ५० रुपये उपकर लागू झाला. तो २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. एक टन देशी कोळशातून साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे हा कर कार्बनच्या टनाला पावणेतीनशे रुपयांच्या आसपास पडला. युरोपात त्याच टनाला गेल्या काही वर्षांत ६० युरो आणि त्याहून जास्त मोजावे लागले आहेत. एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कोळसा धरला तर ४०० रुपयांचा उपकर २८ पैसे होतो. तो वितरण कंपनीच्या बिलात आणि तिथून ग्राहकाच्या बिलात मिसळून जाई, त्यामुळे कोणत्या केंद्रातून वीज घ्यायची या निर्णयावर त्याचा परिणाम बेताचाच राहिला.

उपकराचे पैसे तरी स्वच्छ ऊर्जेला मिळायला हवे होते. त्यासाठी राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी स्थापन झाला होता. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात उपकरातून सुमारे ८६ हजार ४४० कोटी रुपये जमा झाले. त्यांतले २९ हजार ६४५ कोटी निधीत वळवले गेले आणि प्रकल्पांवर १५ हजार ९११ कोटी खर्च झाले. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हाच उपकर राज्यांना नुकसानभरपाई देण्यासाठी वापरला जाऊ लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो पूर्ण रद्द होऊन कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. वरवर ही वाढ वाटते. पण ४०० रुपयांचा उपकर वजनावर होता आणि टक्केवारी किमतीवर असते, त्यामुळे वीज केंद्रांत जाणाऱ्या स्वस्त, राखट कोळशावरचा कर प्रत्यक्षात घटला. वीजनिर्मितीचा खर्च युनिटमागे १७-१८ पैशांनी कमी होईल, असे सरकारनेच सांगितले. देशातला एकमेव म्हणावा असा कार्बन कर अशा रीतीने करसुधारणेच्या एका तपशिलात विरघळला. त्यावर फारशी चर्चाही झाली नाही, हे नवलच.

कारखान्यांसाठी वेगळी योजना होती. ऊर्जा संवर्धन कायद्याखाली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१२ ते २०१५ या पहिल्या चक्रात आठ उद्योगांतल्या ४७८ कारखान्यांना ऊर्जाबचतीचे लक्ष्य ठरवून दिले: सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, खत, कागद, कापड, क्लोर-अल्कली आणि औष्णिक वीज. लक्ष्यापेक्षा जास्त बचत करणाऱ्याला प्रमाणपत्रे मिळत आणि कमी पडणाऱ्याने ती विकत घ्यायची. बचत ८६ लाख ७० हजार टन तेलाइतकी झाली, लक्ष्यापेक्षा सुमारे ३० टक्के अधिक. पण लक्ष्य इतक्या सहज ओलांडले जाते तेव्हा ते मुळातच सैल होते अशी शंका रास्त ठरते. बाजारात ३८ लाखांहून अधिक प्रमाणपत्रे आली आणि घेणाऱ्यांची गरज १४ लाखांच्या आसपास होती. व्यवहार २०१७ मध्ये, चक्र संपून दोन वर्षांनी सुरू झाले. अशा बाजारात भाव टिकणार कसा?

याच यंत्रणेच्या पायावर आता कार्बन क्रेडिटचा बाजार उभा केला जात आहे. कायद्यात डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि जून २०२३ मध्ये योजना अधिसूचित झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या चार उद्योगांना पहिली लक्ष्ये मिळाली. मोजणी ऊर्जेऐवजी थेट उत्सर्जनाची, उत्पादनाच्या दर टनामागची, आणि पाया २०२३-२४ या वर्षाचा. कमी पडणाऱ्याने प्रमाणपत्रे घेतली नाहीत तर सरासरी बाजारभावाच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. युरोपच्या २००५ पासूनच्या बाजारात एकूण उत्सर्जनावर कमाल मर्यादा आहे. इथे तशी नाही, त्यामुळे उत्पादन वाढले तर उत्सर्जन वाढायला मोकळीक राहते. सर्वाधिक कोळसा जाळणारी औष्णिक वीज केंद्रे या चार उद्योगांत नाहीत. त्यांना आणले असते तर विजेचे दर वाढण्याचा राजकीय प्रश्न पहिल्याच दिवशी दारात आला असता.

कारखानदारांना या बाजाराची निकड वाटण्याचे कारण देशाबाहेर आहे. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाने आयात होणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत यांसारख्या मालावर सीमेवरच कार्बनचे मूल्य आकारण्याची व्यवस्था लागू केली आहे. उत्पादक देशात कार्बनसाठी जे पैसे भरले गेले असतील तेवढी वजावट तिथे मिळू शकते. मग हा पैसा ब्रसेल्सला जाण्यापेक्षा देशातच राहिलेला बरा, हा हिशेब पर्यावरणाची फिकीर नसलेल्या उद्योजकालाही पटतो. भारत या व्यवस्थेला व्यापारातला अडसर मानतो आणि तो आक्षेप निराधार नाही. पण देशातल्या धोरणाला वेग देणारे दुसरे काही इतके परिणामकारक ठरलेले नाही.

सगळ्या साधनांची गाठ शेवटी वितरण कंपनीशी पडते. महाराष्ट्रात शेतीपंपाची वीज स्वस्त ठेवण्यासाठी उद्योगांना आणि व्यापाऱ्यांना जास्त दर लावला जातो. वीज कमी म्हणून शेतीला आठ-दहा तासांच्या पाळ्या, आणि त्यातली एक पाळी रात्रीची. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला साप-विंचवाची, काही जिल्ह्यांत बिबट्याची धास्ती. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या आणि राळेगणसिद्धीसारख्या ठिकाणी आधी करून पाहिलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने हा जुना दुखरा प्रश्न आणि कार्बन कपात एकत्र बांधली. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिचा आवाका बराच वाढवला गेला. उपकेंद्रापासून ५ ते १० किलोमीटरच्या परिघात सरकारी किंवा भाड्याची जमीन घ्यायची, तिथे काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला द्यायची. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, दरसाल तीन टक्के वाढीसह. वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते आणि दूरवरून आणण्याची गळती वाचते.

या योजनेतली खरी अक्कलहुशारी मागणीची वेळ बदलण्यात आहे. सौर विजेची अडचण ही की ती दुपारी भरपूर आणि दिवे लागताना नाही. शेतीपंप हा असा ग्राहक आहे की ज्याला दुपारची वीज अडचणीची नाही, उलट हवीच आहे. म्हणून बॅटरीवर खर्च न करता सौर वीज जागीच खपते. याच विचाराने केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलून उद्योगांना उन्हाच्या तासांत स्वस्त आणि संध्याकाळी महाग दर लावायला सांगितले. एक धोका मात्र उरतो. दिवसा वीज मिळते आणि २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिलही माफ आहे. मग ऊस आणि द्राक्षाच्या पट्ट्यातल्या भूजलाचा उपसा रोखणारे काहीच राहत नाही. एकेकाळी विजेची टंचाई, नकळत का होईना, पाण्याची राखण करीत होती.

वाहनांबाबत राज्याने २०२५ च्या धोरणात विद्युत मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी दिली. पेट्रोल-डिझेलवरचे कर इतके जड आहेत की ते नाव न घेता कार्बन कराचेच काम करतात. पण म्हणूनच विद्युत वाहन वाढले की केंद्र आणि राज्य दोघांचाही महसूल आटतो. स्वच्छ प्रकल्पांना लागणारा पैसा उभा करण्यासाठी केंद्राने जानेवारी आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये १६ हजार कोटींचे हरित रोखे काढले. साध्या रोख्यांपेक्षा त्यांना व्याज फार थोडेच कमी पडले, त्यामुळे त्यांचे महत्त्व तूर्त हिशेब वेगळा ठेवण्यापुरतेच आहे.

महसुलाचा प्रश्न कोळशाच्या पट्ट्यात अधिक बोचरा आहे. झारखंड, ओडिशा, छत्तीसगड यांना कोळशावरचे स्वामित्वधन मिळते. रेल्वे कोळशाच्या मालभाड्यातून प्रवासी तिकिटांचा तोटा भरून काढते. महाराष्ट्रात हीच गुंतागुंत चंद्रपूर जिल्ह्यात दिसते. तिथे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत, २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक केंद्र आहे, आणि दोन्हींवर जगणारे ट्रकमालक, कंत्राटी मजूर, गॅरेजवाले, खानावळी आहेत. सौर प्रकल्प उभे राहताहेत ते बहुतांशी राजस्थान, गुजरात आणि दक्षिणेत, आणि एकदा उभारणी झाली की तिथे माणसे थोडी लागतात. कायम कामगाराला निवृत्तिवेतन आणि बदलीची सोय असते, कंत्राटी मजुराला यातले काही नसते. खाण बंद झाल्यावर जमिनीची दुरुस्ती करण्यासाठी कंपन्यांना पैसे बाजूला ठेवावे लागतात, त्याचे नियम आहेत. खाणीवर अवलंबून असलेल्या गावाच्या रोजीसाठी मात्र लिलाव, हमी किंवा उपकर यांच्या तोडीचे साधन अजून तयार झालेले नाही.